गुडघ्याखालचे चावे

३ जून, मंगळवार
खोटारडा! म्हणे, "दिवसभर दुकानातच होतो, घड्याळं दुरुस्त करत." मग पायावर हे चावे कसले? मधोमध रक्ताचा ठिपका – आणि म्हणे डास! बायको नदीवर काय करते ते विसरला वाटतं. पोटऱ्या उघड्या टाकून बसायचं, काळी माशी टेकली की चावायच्या आत नळीत पकडायची – वर्षं गेली माझी या नोकरीत. काळी माशी घरात शिरत नाही, अंधारात चावत नाही. तिला उजेड हवा, खळाळतं पाणी हवं. म्हणजे नवरोबा भरदिवसा नदीवर!

४ जून
आज आणखी चावे.

६ जून, शुक्रवार
दुपारी तो डुलकी घेत होता, तेव्हा चादर सारून पाहिलं. दोन्ही पाय, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. वर एकही नाही! म्हणजे पँट दुमडून निवांत बसतो. काही ताजे, सकाळचे. काही खपली धरलेले, काल संध्याकाळचे. माशीच्या जेवणाच्याच वेळा! इतका वेळ एकटं कोण बसतं? माझ्याजवळ जरा बसायचं तर याच्या पायाला मुंग्या येतात.

कामावरची जोडीदारीण म्हणाली, "अगं, त्याची सायकल तर वरच्या पुलाकडे असते. रोपवाटिकेपाशी."

रोपवाटिका! तिथली ती बाई! हसली की गालाला खळी, आणि पाय कसे गुळगुळीत. माझ्या पोटऱ्यांवर नुसते काळे डाग, हातून निसटलेल्या माश्यांचे. कोण बघणार माझ्याकडे? हो, जळते मी! जळणारच! या माशीने माणसांचे डोळे जातात, म्हणून तर आम्ही तिच्या मागावर. घड्याळवाल्याचं पोट डोळ्यांवर, तरी हा तिच्यासाठी पाय उघडे टाकून बसतो!

७ जून
भाजी खारट केली. मुद्दाम. मुकाट्याने खाल्ली. म्हणजे नक्कीच काळंबेरं आहे.

८ जून, रविवार
"सारखी पायांकडे काय बघतेस?"
"छान आहेत म्हणून."
मेला चक्क लाजला! उद्या काम संपलं की तडक रोपवाटिकेत जाणार आणि त्या बाईच्या झिंज्या उपटणार.

९ जून, सोमवार
कामावर मॅडमनी सकाळीच बोलावलं. "उद्यापासून तू आत, टेबलावर. माश्या भिंगाखाली तपासायच्या. नदी बंद." म्हटलं, माझ्या जागी कोण? "आहे एकजण. आठवडाभर रोपवाटिकेमागे नदीकाठी शिकतोय. नळी धरता येत नाही धड, नुसता चावून घेतो. पण अट घातलीय – आधी बायकोला आत बसवा. तिच्या पायांनी खूप सोसलं म्हणतो."

घरी आल्यावर त्याला आधी नळी धरायला शिकवली. मग रडले.