तांबडा पंप आन बियान्याचं सोयाबीन

२२ सप्टेंबर, रविवार
फुंकनी पिवळी. निळा पंप दोनदा.
वाशीमच्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं, आजी, रोज लिहा. दम कवा लागला, कायनं लागला. म्हटलं, चवथी शिकली मी, तेबी मास्तर मारकुटा म्हनून अर्धीच. तं म्हने, तेवढं पुरे. ही वही माह्या नातीची, पूर्वी नाव तिचं. पहिल्या सात पानांवर तिचा भूगोल हाय, फाडू देत नाही.
फुंकनी म्हंजे डॉक्टरीनबाईनं देल्ली थे नळी. जोर लावून फुकलं का काटा वर सरकते. हिरवी, पिवळी, लाल पट्टी चिटकवून देल्ली तिनं, हिरवी म्हंजे सास बरा. चाळीस वर्सं चुलीत फुकलं, तवा कोनी पट्टी लावली नाही.
दिनकर, माहा लेक, जेवता जेवता म्हने, "माय, औंदा बियानं तू काढाचं नाही. इकत आनू."
म्हटलं, इकतचं उगवलं होतं का मांगं? अर्ध्या वावरात बगळे फिरत होते.
"गेल्या साली झोडता झोडता पडली. तीन दिवस दवाखान्यात होती. विसरली का?"
नाही विसरली. पन थ्रेशरमंधी सोयाबीनचा दाना तडकते, साल पातळ असते त्याची. इकाले चालते, पेराले नाही. बियान्यापुरतं काठीनं हळू झोडा लागते. हे घरात माह्याबिगर कोनालेच येत नाही. मी नाही काढलं तं कोन काढीन? इचारलं. दिनकरनं वरन मांगलं.

२५ सप्टेंबर, बुधवार
पिवळी. निळा एकदा.
दोन पंप हायेत. तांबडा रोजचा, सकाळ-संध्याकाळ, बरं असो का नसो. मंग चूळ भराची. निळा दम लागला तवाच. थो कमरेले, बटव्यात.
शेजारची सुभद्रा आली. "पंपाची सवय लागते वं काकी. मंग सुटत नाही."
म्हटलं, भाकरीचीबी सवय लागली, साठाच्या वर वर्सं झाले. सोडू का?
उठून गेली. चहा पेऊनच गेली पन.

२८ सप्टेंबर, शनिवार
पिवळी, पन हिरव्याले टेकली.
पूर्वी म्हने, "आजी, तू पंप घेते का मच्छर मारते? सारा भाइर!" आता थे शिकवते. पहिले सारा सास सोडाचा. मंग दाबाचं, हळू वढाचं, आन दहा मोजेपरेंत धरून ठेवाचं. मोजते थेच. सातावर आली का म्हने, "सहा झाले का सात?" आन परत सहापासून. माह्यासारखीच निघाली पोट्टी.
अगरबत्ती बंद केली. सून, संगीता म्हने, देवाले काय वाटीन? म्हटलं, देवाले सांगून झालं. फुलं घे, पानी घे, धूर मांगू नको. तक्रार असीन तं माह्याशी बोलीन थो.
आंगोळीच्या पान्याची चूल आंगनातून मांगं नेली, गोठ्याच्या पल्याड. दिनकरनं नेली, कुरकुर करत.

१ ऑक्टोबर, मंगळवार
हिरवी! निळा नाही.
फुंकनी दिनकरच्या ताटाजवळ ठेवली. पाह्यली. "हं. एक दिवस."
"मंग किती दिवस पायजे तुले?"
इचार केला त्यानं. म्हने, कोजागिरीपरेंत. रोज सकाळी हिरवी आली तं झोड तू. एकबी दिवस चुकला तं बियानं इकत.
"वहीत लिहिशीन?"
"लिहीन."
"खरं लिहिशीन?"
"तुह्या बापाले इचार, मी कवा खोटं बोलली."
"बाप तं मेला."
"म्हनूनच त्याले इचार."
वावरात सोयाबीन पिवळं पडून राह्यलं. पाला गळाले लागला.

३ ऑक्टोबर, गुरुवार
हिरवी.
घट बसले. नऊ दिवस माहा कडक उपास, लग्न झालं तवापासून. औषध तोंडात घेतलं का उपास बाटला, सासू म्हने. पंप तं तोंडातच घ्या लागते. वरून चूळ. म्हनून तांबडा देवळीत ठेवला, घटाच्या बाजूले. देवीच्या नजरेखाली हाय. दसऱ्याले घेईन. निळा कमरेले हायेच, अडल्यानडल्याले. तसंबी हिरवी हाय, मंग कायले पायजे?
पूर्वीले सांगतलं, आता माहं मीच मोजीन, तू अभ्यास कर.

६ ऑक्टोबर, रविवार
हिरवी. पाह्य, नाही घेतला तरी हिरवी.
केनवडहून वच्छला आली. ननंद माही. माह्याहून चार वर्सानं लहान, तोंडानं मोठी. तिलेबी दमा. कोजागिरीले कुठं तरी खिरीतून औषध देतात, थे खाऊन येते दर साली. औंदा मलेबी नेतो म्हने.
"बारा वर्सं झाले वहिनी. दमा पळाला माहा."
"मंग वट्यावर चढतानी शिट्टी कोनाची वाजली? मले वाटलं घरात कुकर झाला."
खिरीची अट अशी का पंप आधीपासून सोडाचा. वच्छलानं तं सोडलाबी. घरीच ठेवून आली. म्हटलं, बाई, खीर मी खाईन, दुधाची हाय. पंप सोडनार नाही. खिरीले माह्या पंपाचा राग येत असीन तं खीरच सोडीन.
दिनकर तोंडावर हात ठेवून हासला. वच्छला रुसली. रुसून दोन वाट्या भगर खाल्ली.
झोपतानी देवळीतल्या तांबड्याकडं नजर गेली. हळदकुकू उडालं होतं त्याच्यावर. पुसलं.

९ ऑक्टोबर, बुधवार
हिरवी.
सोयाबीन कापून, सोंगून झालं. बियान्याची गंजी, म्हंजे ढीग, येगळी लावली, बांधाजवळ, उंच जागेवर.

१० ऑक्टोबर, गुरुवार
हिरवी.

१३ ऑक्टोबर, रविवार
९ तारखेचं खोटं हाय. १० चंबी खोटं. दोन्ही दिवस पिवळी होती, हिरवी लिहिली. निळा ९ ले दोनदा, १० ले पाच-सहादा.
खोडत नाही. दिसू द्या तसंच.
११ ले वावरात गेली, गंजी पाह्याले. बाजूच्या वावरात थ्रेशर चालू झालं. कुटार, भुसा, असं उडालं का माह्यापरेंत पिवळा धूर. निळा घेतला, काही नाही. पुन्हा घेतला. बोलता येईना, दिनकरले हातानं दाखवलं. दोन श्वासांमंधी एक शब्द निघेना. मोटारसायकलवर मंधात मी, मांगून संगीतानं धरलेली, शेलूबाजारच्या दवाखान्यात. तिथं वाफ, सुई, मंग गाडी करून वाशीम. एक रात्र. दसऱ्याचं सोनं नर्सबाईले देल्लं, खाटेवरूनच.
दिनकरनं घरून आनलेली वही डॉक्टरीनबाईनं पाह्यली. "आजी, गुरुवारी तर हिरवं लिहिलंय तुम्ही."
दिनकर बाजूले उभा. म्हटलं, खोटं लिहिलं.
"आणि रोजचा पंप?"
"देवळीत हाय. घट बसले तवापासून."
"का?"
"उपास."
बाईनं वही मिटली. मंग म्हने, "औषधानं उपास मोडत नाही, आजी."
"हे पहिले सांगाचं होतं."
"तुम्ही विचारलं कुठं?"
हेबी खरं.
म्हने, रोजचा पंप सोडला की त्याच दिवशी त्रास होत नाही, तिथंच माणूस फसतो. आतली सूज हळूहळू परत येते. मग धूळ फक्त निमित्त होते. आन निळा असा घडीघडीले लागाले लागला तं घरी बसाचं नाही, दवाखान्यात याचं. लिहून ठेवलं.
वच्छलाले हासत होती मी. तिनं खिरीसाठी सोडला, मी घटासाठी. शिट्टी दोघींची एकच.
घरी आल्यावर दिनकर म्हने, "माय, बियानं इकत."
"हाव," म्हटलं. हारली तं हारली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
पिवळी. तांबडा दोन्ही टाइम, पूर्वीनं मोजलं. फुंकनीबी आता थेच पाह्यते. माह्या लिहिन्यावर भरोसा नाही म्हने तिचा. बरोबर हाय.
दोन दिवस पडून इचार केला. पैज झोडाची होती. सांगाची नव्हती.
दिनकरले बलावलं. म्हटलं, बियानं झोड तू. मी सांगीन, वाऱ्याच्या वरच्या अंगाले बसून. धूळ तुह्याकडं जाईन.
"मले येत नाही."
"म्हनूनच. मी मेल्यावर कोनाले इचारशीन? वच्छलाले?"
"तू हाव म्हटलं होतं, इकत आनाचं."
"पेराच्या वख्ती आन इकतचं. कोन नाही म्हनते? घरचं नाही उगवलं तं आन."
डोकं खाजवत गेला. हाव म्हने का नाही, कळलं नाही. सांजच्याले काठी शोधत होता पन.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
पिवळी, हिरव्याजवळ.
काल कोजागिरी. वच्छला खीर खाऊन सकाळीच इकडं आली, दारातच बसली. कुकर नाही, पुरा कारखाना. म्हटलं, पंप कुठं? घरी, केनवडले. माहा निळा देल्ला. घेत नाही! "वहिनी, खिरीचा गुन जाईन."
म्हटलं, खीर पचली आतापरेंत. वढ!
वढला. दिनकरनं गाडी केली, शेलूबाजारले नेली. दुपारी आली थे खाली मान घालून. संगीतानं भाकर वाढली. खाता खाता हळूच म्हने, "वहिनी, दहा मोजाचं असते का वीस?"
हासाचं खूप मनात होतं. नाही हासली. परवाच मीबी दवाखान्याच्या खाटेवर होती.

२० ऑक्टोबर, रविवार
हिरवी. पूर्वीची सही घेतली बाजूले.
झोडनी. ताडपत्री आंगनात नाही, वावरातच अंथरली. माही खाट वाऱ्याकडं, तोंडाले ओला दुपट्टा. दिनकरनं पहिली काठी हानली, दाने बांधावर गेले.
"साप मारून राह्यला का? लेकराले थापटतात तसं थापट."
"तू मले असंच थापटत होती का?"
"नाही. म्हनून तू असा तडकला."
बाजूच्या बाया हासल्या. मंग जमलं त्याले हळूहळू. दर टोपल्याले एक दाना दाताखाली धरून पाह्यला मी, वाळला का नाही थे. दुपारी वारा फिरला, खाट फिरवली. पुन्हा फिरला, पुन्हा फिरवली. दिनकर म्हने, माय, तू वाऱ्याच्या मांगं का वारा तुह्या मांगं?
एक ढीग राह्यला होता. दिनकर जेवाले लिंबाखाली गेला. काठी माह्या पायाजवळच पडली होती.
सकाळी तांबडा झाला होता. फुंकनी हिरवी, खरी हिरवी. निळा कमरेले. वारा पाह्यला. पाठ त्याच्याकडं केली.
एक टोपलं झोडलं. छातीत जरासं दाटल्यावानी वाटलं, तवाच काठी ठेवली. खाटेवर येऊन बसली. निळा लागला नाही. लागाच्या आधीच थांबनं, हे या वयात पहिल्यांदा केलं.
दिनकर आला. "हे कोनं झोडलं?"
"वाऱ्यानं."
ढिगाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. मंग थो दाना दाताखाली धरून पाह्यला त्यानं. आपल्या पोत्यात मिसळला नाही, येगळा बांधला.

२३ ऑक्टोबर, बुधवार
हिरवी. निळा नाही.
उगवते का नाही थे पाह्यासाठी शंभर दाने त्याचे, शंभर माहे. मोजले पूर्वीनं. ओल्या गोनपाटात रांगेनं ठेवले, गुंडाळले. लाल दोरीचं त्याचं, पांढऱ्या दोरीचं माहं. माठाच्या बाजूले, सावलीत.
नवी पैज. त्याचे जास्त उगवले तं काठी त्याची, पुढच्या साली मी खाटेवर. माहे जास्त उगवले तं काठी माही.
"आन दम?" थो म्हने.
"दमाचं मी पाहीन. वही हाय, पोट्टी हाय मोजाले."
"आन दोघाचेबी नाही उगवले तं?"
मी पांढऱ्या दोरीची गाठ आवळली. सोंगनीच्या आधी पानी पडलं होतं जरासं, थे मलेबी ठाऊक हाय.

२७ ऑक्टोबर, रविवार
हिरवी.
वच्छलाचा फोन. तिलेबी डॉक्टरीनबाईनं फुंकनी देल्ली. म्हने, "वहिनी, माही पिवळी आली, तुमची?" म्हटलं, हिरवी. म्हने, खरी का?
माहं खोटं साऱ्या गावात झालं वाटते.
दिनकर आज दोनदा माठापाशी गेला, तहान नसतानी. संगीता म्हने, उघडून टाका एकदाचं. म्हटलं, पाच दिवस म्हंजे पाच दिवस. गोनपाटावर पानी मारलं. वास येऊन राह्यला. मोडाचा का सडल्याचा, समजत नाही.
उद्या उघडाचं.
सकाळी आधी तांबडा. दहा मोजाचे. चूळ. फुंकनी. मंग गोनपाट.