दोनच टर्म, आणि त्यातली एकही माझी नाही

मु. पो. टेंभुर्णी, ता. जाफराबाद

रामरावदादांच्या सेवेशी कारभारीचा नमस्कार पोचावा. वडीगोद्रीकडं पाऊसपाणी कसं आहे? तुमचा गुडघा कसा आहे? इकडं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणाल तर सकाळपासून एसटी स्टँडपर्यंत माझ्या सहा फेऱ्या झाल्या. हे पत्रही तीन जागा बदलून लिहितोय (आता गोठ्यात आहे).

झालं असं की, आपले आमदार पाच वेळा निवडून आलेले, आणि सहाव्यांदा उभं राहायची तयारी चाललेली. मला ते बघवेना. एकच माणूस किती वर्षं खुर्ची धरून बसणार? मे महिन्याच्या ग्रामसभेत मी तावातावानं बोललो आणि ठराव स्वतःच्या हातानं लिहून काढला: लोकांनी निवडलेल्या कोणालाही एका पदावर दोनच वेळा राहता येईल, मग पद विधानसभेचं असो की गावातलं. (हे शेवटचं जोडायची काही गरज नव्हती. टाळ्या पडत होत्या, हात थांबला नाही.) ठराव मुंबईला पाठवला. तिकडून अजून पोच नाही.

ऑगस्टच्या ग्रामसभेत तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष निवडायचा होता. म्हणजे मीच, दरवर्षीप्रमाणे. तेवढ्यात शेळ्यावाला बिरू उभा राहिला. "आबा, तुमचं अकरावं साल चालू हाय. ठराव तुमच्याच हातचा हाय न्हाई का?" सगळी सभा माझ्याकडं बघून हसायला लागली. आमदारांना काढायला निघालेला ठराव, दादा, पहिल्यांदा मलाच लागू झाला.

मंग मी डोकं चालवलं. तिथल्या तिथं तुमच्या बहिणीचं नाव सुचवलं. सही तुळजाबाईची आणि कारभार कारभारीचा, असा साधा हिशोब होता. पहिल्या बैठकीला मी सवयीनं खुर्चीत बसलो, तर बाईसाहेब आल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "उठा तिथून. तक्रार असंल तर तिकडं सतरंजीवर बसा." बसलो.

सुग्रीव आणि गोरक्षनाथ या भावांचा बांधाचा तंटा तुम्हाला ठाऊक आहे. अकरा वर्षं मी तो जपून हाताळला. घाई केली की न्याय कच्चा राहतो, हे माझं मत सगळ्या गावाला पाठ आहे. एका मंगळवारी सुग्रीवकडं चहा-भजी, दुसऱ्या मंगळवारी गोरक्षनाथकडं. तुमची बहीण सकाळी सात वाजता दोरी घेऊन शेतात गेली, चार दगड रोवले आणि न्याहारीला घरी परत. आता ते दोघं एका मोटारसायकलवर बाजारला जातात आणि मला नुसता हात करतात. दादा, मला बिलकुल करमत नाही. दारात कुणी आलं की उठून उभा राहतो, आणि तो माणूस विचारतो, "बाई हायेत का?"

असो. माझी काही तक्रार नाही. घरच्यांना नमस्कार सांगावा.

आपला,
कारभारी

ता. क. काही कामानिमित्त लिहिलेलं नाही. तरी पोळ्याआधी एकदा जल्दी येऊन बहिणीला राजीनामा द्यायला सांगता का? तुमचा शब्द ती मोडत नाही.

ता. क. २: आमदारांचा मी उगाच राग केला. सहाव्यांदा उभं राहणाऱ्या माणसाची तळमळ आता मला कळते. ठरावात 'अनुभवी माणूस वगळून' एवढं घालता येईल का, तेही बघा.

ता. क. ३: दादा, मी तुळजा. पाकिटावर तुझा पत्ता घालायला यांनी पत्र माझ्याकडंच दिलं, पिनकोड यांच्या ध्यानात राहत न्हाई. पोळ्याला जेवायला ये, पुरणाचं करते. यांची तक्रार समितीनं दाखल करून घेतली हाय. निकालाला अकरा वर्षं लागतील. घाई केली की न्याय कच्चा राहतो.