चंपतराव गायब न झाल्याबद्दल

सक्करदरा, नागपूर
२१ जानेवारी १९७६

तीर्थस्वरूप बाबनराव भाऊजी यांच्या चरणी मेहुणा जागेश्वर याचा साष्टांग नमस्कार. (एरवी आपण हे नुसतं लिहितो. या वेळी मी खरोखर घालून मग लिहायला बसलो आहे. आमची ही, अनुसया, विचारत होती, चटईवर पालथे काहून पडले, पोट दुखून राहिलं का?)

तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? मोहाचं तेल रोज चोळता की बाटली नुसती कोनाड्यात उभी आहे? भिलाईची थंडी आमच्यापेक्षा कडक, तेव्हा कंटाळा करू नका. आमच्या बहिणीला, तुळजाबाईला, दम्याचा त्रास नाही ना? तिने पाठवलेले तिळाचे लाडू पोचले. वाटेत त्यांचा भुगा झाला होता, पण आम्ही तो चमच्याने खाऊन गोड बोललो. इकडील सर्व खुशाल आहे असं पुढे लिहायची रीत आहे. ते वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. तुम्ही एकदा पाय पसरून बसा, बाईला बाहेर काही कामाला पाठवा, आणि मग पुढचं वाचा.

तुमच्या प्रेमिलाला बघायला उमरेडचे पाहुणे रविवारी आमच्याकडे आले होते. तुमच्या गुडघ्यामुळे तुम्हाला येता आलं नाही आणि तुम्ही मला लिहिलंत की जागेश्वर, मामा म्हणून नको, बाप म्हणून बस. त्या ओळीने माझी छाती अशी फुगली की अनुसयेला माझ्या कोटाचं बटण पुन्हा लावावं लागलं. पाहुणे म्हणजे चंपतराव, त्यांची बायको रुख्माबाई आणि मुलगा शरच्चंद्र, जो खाणीच्या कचेरीत बाबू आहे. चंपतराव आपल्यासारखेच विणकर, आता तिथल्या संस्थेचे चेअरमन. माणूस उंच, आमच्या दारातून वाकून आत येणारा, आणि बोलायला फार कमी. (उंच माणूस गप्प बसला की तो विचार करतो आहे असं वाटतं. माझ्यासारखा बुटका गप्प बसला की लोक विचारतात, बरं नाही का?) कार्यक्रम झकास झाला. शरच्चंद्र सगळा वेळ पोह्यांच्या बशीत बघत होता, एकदाच मान वर केली, आणि नेमकी त्याच वेळी प्रेमिलानेही केली. मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण मला वाटलं, झालं काम. चंपतराव एवढंच म्हणाले, "सांजच्याले सांगतो. उमरेडच्या गाडीत बसाच्या आंधी."

भाऊजी, त्यांना दुपारी तसंच चटईवर झोपू दिलं असतं तर आज तुम्हाला आनंदाचं कार्ड गेलं असतं. पण बाप म्हणून बसलेला माणूस स्वस्थ कसा बसणार! तळ्याच्या बाजूच्या मैदानावर यंदा 'चमत्कार नगरी' लागली आहे. आकाशपाळणा, मौत का कुआँ, प्राणी, जादूचा मंडप, शिवाय बाहेरगावच्यांना मुक्कामाला राहुट्या. अख्खं नागपूर तिथे लोटलं आहे. आणि यंदा नवीन म्हणजे पडद्यामागची सफर. खेळ तर सगळेच बघतात, पण खेळामागे काय चालतं ते एक माणूस भोंगा घेऊन तुम्हाला आत नेऊन दाखवतो. सफरी तीन, आणि एका तिकिटावर एकच. मी मनात म्हटलं, व्याह्यांना पुढून नागपूर कोणीही दाखवील, आपण मागून दाखवू.

खिडकीशी गेल्यावर प्रश्न आला की कोणती निवडायची. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल ती. चंपतराव म्हणाले, "तुमची मर्जी." मी म्हटलं, असं कसं, पाहुण्यांची मर्जी. ते म्हणाले, "आमी काय, आमाले कोन्तीबी चालते." सोयरीक ठरायची असताना पहिली मागणी कोणी करायची नसते हे तुम्ही जाणताच, मग ती सफरीची का असेना. मागची रांग ओरडायला लागली. खिडकीतला माणूस म्हणाला, "भाऊ, टिकट लेना है के लगन जमाना है?" आता त्याला काय सांगू, की दोन्ही!

शेवटी मीच डोकं चालवलं. (अनुसया म्हणते, अनर्थ तिथून सुरू झाला.) पहिली सफर प्राण्यांची, वाघाला जेवण कसं घालतात ती. पण रुख्माबाई माळकरी. मांसाच्या बादलीजवळ त्यांना उभं करून मी पोरीची सोयरीक मागणार होतो की काय? दुसरी सफर मौत का कुआँची, फटफटी तिथे भिंतीवर कशी चढते ते खालून दाखवतात. शरच्चंद्राचे डोळे त्या पाटीवर जरा जास्तच रेंगाळले. मी लगेच ओळखलं, की आज हे बघितलं तर उद्या याच्या डोक्यात फटफटी शिरेल आणि मांडवात ती मागणी होऊन तुमच्या दुखऱ्या गुडघ्यावर येऊन उभी राहील. राहिली तिसरी, जादूच्या मंडपाची. तिथे काय, कबुतरं आणि पडदे. कोणाला काही होणार नाही म्हणून मी ती निवडली. शहाणपणाने निवडली, हे तरी मान्य करा.

सफरवाल्याने आधीच बजावलं होतं, "सब देखना, हाथ किसीने नहीं लगाना." मंडपाच्या मागे अंधुक उजेड. मोठा काळा पडदा वरून खालपर्यंत सोडलेला आणि त्याच्या पुढच्या बाजूला जादूचं कपाट उभं. सफरवाला सगळ्यांना घेऊन कबुतरांच्या खुराड्याकडे गेला. मी पडद्याशी रेंगाळलो, कारण तो मधोमध उभा फाटलेला होता. दोन्ही काठांना सुट्या धाग्यांच्या दशा लोंबत होत्या, न बांधलेल्या, न मुरडलेल्या. भाऊजी, तुम्ही मागावरून उठून कारखान्यात गेलात त्याला वर्षं झाली, पण खरं सांगा, तुटलेला धागा दिसला तर तुमचा हात आजही गप्प बसतो का? आपल्या घरात पोराला चालता येण्याआधी गाठ मारता येते. माझ्या वडिलांनी तर एकदा कीर्तनाला बसल्या बसल्या पुढच्या माणसाचं उपरणं सांधून दिलं होतं. मी चप्पल नीट करतो आहे असं दाखवून खाली बसलो, आणि मागावरच्या जुन्या ताण्याच्या धाग्यांना नवे सांधतात तशी इकडची दशी तिकडच्या दशीला जोडत गेलो. बसल्या जागी हात पोचला तिथपर्यंत छान बंद केलं. काळ्यावर काळी गाठ, कोणाच्या बापाला दिसायची नाही. मला तर पुण्य केल्यासारखं वाटत होतं. मी कबुतरांपाशी गेलो, पाठोपाठ सगळे बाहेर आलो. चंपतराव तेवढे मागे राहिले. शरच्चंद्राने दोन हाका मारल्या तेव्हा आले. मला वाटलं, त्यांना वाघ बघायचा होता, म्हणून घुश्शात असावेत.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल की तो पडदा फाटलेला नव्हता. तो तसाच ठेवलेला होता. माझ्या लक्षात हे संध्याकाळच्या खेळात आलं, आणि तेही फार हळूहळू. प्रोफेसर ताराचंद नावाचा जादूगार झगमगीत अंगरखा घालून पुढे आला आणि म्हणाला, पब्लिकमधून एक इज्जतदार आदमी पाहिजे, त्याला गायब करून दाखवतो. मी उभा राहून ओरडलो, "हे घ्या, उमरेडचे चेअरमन!" चंपतराव नाही नाही म्हणत होते. मीच त्यांना पाठीला हात लावून वर चढवलं. (या हाताचं काय करू ते सांगा.) ताराचंदच्या माणसाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यांना कपाटात घातलं आणि दार लावलं. कपाटाला मागूनही दार होतं आणि त्यातून गायब होणाऱ्याने पडद्याच्या फटीतून पलीकडे सटकायचं होतं. ढोल वाजला. ताराचंदने "गायब!" म्हणून दार उघडलं.

चंपतराव होते. आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि पडदा दातांनी तोडत होते.

पब्लिक असं हसलं की कनात हलली. ताराचंदने दार आपटलं, पुन्हा ढोल वाजवला, पुन्हा उघडलं. या वेळी चंपतरावांचं मुंडकं गायब होतं. वरची फट तेवढी मोकळी झाली होती, त्यातून डोकं आणि एक हात पलीकडे गेला होता, आणि बाकीचे चेअरमन कोट-धोतरासकट इकडेच लाथा झाडत होते. लोकांना वाटलं हीच जादू, टाळ्यांचा कडकडाट झाला. रुख्माबाई मात्र उठून किंचाळल्या, "अवं माय वं, ह्यायचं मुंडकं कुठं गेलं!" मग बांबू कडाडला आणि पडदा, कबुतरं, कपाट, चंपतराव असं सगळं एकदम खाली आलं. मागे ताराचंदची माणसं चहा पीत बसली होती, ती सगळ्या नागपूरला दिसली. पडद्यामागची सफर सर्वांना फुकट घडली.

चंपतरावांना लागलं नाही. पण बसस्टँडपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. मी पान पुढे केलं, घेतलं नाही. नुसते स्वतःच्या हातांकडे बघत होते. उमरेडची गाडी लागली, तिघं चढली, आणि होकार नाही, नकार नाही, गाडी गेली. मी तिथेच सांगायला हवं होतं की ते पाप माझं. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. घरी आलो तर प्रेमिला दारात उभी. "मामा, काय म्हणाले ते?" मी म्हटलं, विचार करून कळवतो म्हणाले. ती कपबशा धुवायला गेली, पण धुतलेल्या कपबशाच पुन्हा धूत होती. भाऊजी, मला फार लाज वाटते आहे. तुमच्यासमोर नाही वाटत तेवढी त्या पोरीसमोर वाटते. तुम्ही बापाची जागा दिलीत आणि मी मामाचीही राखली नाही.

रागवा, हवं ते लिहा, पण उत्तर पाठवा. बाईला नमस्कार.

तुमचा नालायक मेहुणा,
जागेश्वर

ता. क. खरी विनंती लिहायची राहिली, म्हणजे धीर होत नव्हता. गुडघा दुखत असला तरी तुम्ही एकदा उमरेडला जाऊन चंपतरावांना खरं काय ते सांगा. मोठ्या माणसाच्या तोंडून बरं दिसतं. मी वेशीपर्यंत येईन आणि बाहेर थांबेन.

ता. क. दुसरा. उमरेडला जाऊ नका. पत्र पेटीत टाकायला निघालो तर दारात चंपतराव, एकटे, वाकलेले. (दारामुळे नाही.) मी म्हटलं, आले भांडायला. ते खाली मान घालून बसले आणि म्हणाले, "जागेश्वरराव, माह्याच्यानं मोठी चूक झाली. त्या पडद्याची फट पाह्यली न् हात राह्यला नाही गा. तुमी समदे कबुतरं पाहून भाईर निंगाले, तवा मी मांगं राहून उभ्यानंच गाठी मारल्या. कपाटात अंधारात बोटं लागले न् वळखल्या, माह्याच होत्या. दातानं तोडल्या. पन खाली बी गाठीच गाठी! त्या मी कवा मारल्या, मलेच समजून नाही राहिलं. तुमची चार लोकांत बेइज्जती केली. कोन्त्या तोंडानं सोयरीक मागू, म्हनून तवा गप बसलो. पोरगी आमाले पहिल्यापासून पसंत आहे. तुमी माफ करसान तर देनंघेनं काई नाही, पोरगी द्या."

ती वेळ होती. अनुसया दाराआडून माझ्याकडे बघत होती, तिला सगळं ठाऊक आहे. मी तोंड उघडलं, आणि भाऊजी, त्यातून काय निघालं असेल? मी म्हटलं, "जाऊ द्या चंपतराव. विणकराचा हात आहे, होऊन जाते." मी त्यांना माफ केलं! त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं, म्हणाले, एवढ्या मोठ्या मनाचा मानूस पाह्यला नाही. अनुसयेने त्यांच्यापुढे चहा ठेवला. माझ्यापुढे ठेवला नाही. प्रेमिला बाहेर आली, त्यांच्या पाया पडली, मग माझ्या पडली, आणि मला पाय कुठे लपवू असं झालं.

ता. क. तिसरा. सोयरीक पक्की झाली. हे पत्र फाडावं असं मनात आलं होतं, पण अनुसयेशिवाय आणखी कोणाला तरी खरं ठाऊक असलेलं बरं, म्हणून पाठवतो. आता एकच मागणं आहे. चंपतराव सरळ माणूस आहे. लग्नात तो तुम्हाला बाजूला घेऊन ही गोष्ट स्वतः सांगणार, सगळा दोष स्वतःकडे घेणार, आणि शेवटी माझ्या मोठ्या मनाची तारीफ करणार. तुम्ही ऐकून घ्या. हसू आलं तर हसा. मी तिथेच कुठेतरी पाहुण्यांना पाणी देत असेन. त्या वेळी फक्त माझ्याकडे बघू नका.