उभी पंगत

६ एप्रिल २००३, रविवार
अनुजाचं लग्न ठरलं. ११ मे. मुलगा आजऱ्याचा, ऋतुराज. जेवणाचा अंदाज मीच देणार, हे बैठकीतच जाहीर केलं. कोणी विरोध केला नाही. (चहा चालू होता, ऐकलंही नसावं.)
आमच्या गल्लीत वीस वर्षं जोतीराम आचारी मला विचारल्याशिवाय भात टाकत नाही. मी पंगतीवरून एकदा नजर फिरवतो आणि आकडा सांगतो. मोजत नाही. मोजणं हे कारकुनाचं काम. मला दिसतं. गेल्या वर्षी दोन पातेली भात उरला, पण त्या दिवशी वऱ्हाडाची एक गाडी वाटेत बंद पडली होती. नजर बरोबरच होती.

१३ एप्रिल
आजऱ्याहून फोन. नवरदेवाला बुफे पाहिजे. हो म्हणालो. मुलीच्या बापाने दुसरं काय म्हणायचं.
सौ. म्हणाली, अवो, पंगतीत माणसं बसत्यात म्हणून तुमास्नी दिसत्यात, बुफेत ती हलत्यात की. ताटं मोजून ठेवूया. काय कमी पडलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल. जोतीरामही तेच म्हणाला. मी म्हटलं, माणूस बसला काय, उभा राहिला काय, डोकं एकच असतं. दोघं उठून कामाला लागली. पटलं असावं.

२० एप्रिल
सराव. सौ.ने परातीत वाटाणे टाकायचे, मी बघून आकडा सांगायचा. तीन, बरोबर. चार, बरोबर. मग तिने मूठभर टाकले. मी अठरा म्हणालो, एकतीस निघाले. अनुजाने तेच वाटाणे रांगोळीच्या ठिपक्यांसारखे पाच-पाचच्या ओळीत मांडले. डोळ्याचं पातं लवायच्या आत मी सांगितलं, एकतीस! अनुजा म्हणाली, पप्पा, आता तुमास्नी आकडा म्हाईत होता. मग हसून म्हणाली, नजर चांगली हाय, पण तिला ओळ लागती.
पोरगी हुशार आहे, अनुभव नाही. वाटाणे गडगडतात. माणसं गडगडत नाहीत.
चष्म्याचा नंबर तपासून घेणे.

२२ एप्रिल
नंबर वाढलेला नाही. डॉक्टर नवीन दिसतो.

२७ एप्रिल
गुंडूच्या मुलाच्या लग्नाला मुद्दाम गेलो, बुफे बघायला. भयंकर प्रकार. माणसं ताट हातात घेऊन हिंडतात. हिरव्या साडीतली एक बाई कोशिंबिरीपाशी दिसली, तीच जिलेबीपाशी, तीच पुन्हा दारात. तीन वेगळ्या बायका असाव्यात. मी दोनशे म्हणालो. गुंडू म्हणाला, साडेतीनशे ताटं उठली. डोकं दुखायला लागलं. या गडबडीत जेवायचं राहिलं.

४ मे
सापडलं! बुफेत ताट घ्यायला रांग लागते. रांग म्हणजे उभी पंगत. हिंडणाऱ्यांकडे बघायचंच नाही, त्यांना ताट मिळालेलं असतं. रांगेत जितके, तितकेच राहिले. इतकं सोपं! सौ.ला समजावून सांगितलं. ती डाळ निवडत होती, निवडतच राहिली.

१० मे
संकल्प : उद्या रांगेपासून हलायचं नाही. कोणाचंही ऐकायचं नाही.

११ मे
दुपारी १.१५. अक्षता पडल्या. अनुजा छान दिसते. रांगेत तीस. जोतीरामला कळवलं, शेवटचे तीस.
१.३५. रांगेत तीस. जोतीराम विचारतो, दुसरा भात टाकू का? म्हटलं, कशाला? शेवटचे तीस.
२.००. तीस. नजर पक्की बसली आहे, आकडा जराही हलत नाही. शेगडी बंद करायला लावली.
२.२०. भात संपला.

१२ मे
रांगेत तीस होते हे खरंच आहे. पुढचा ताट घेऊन निघाला की मागे नवा येऊन उभा राहत होता, हे कोणीतरी वेळेवर सांगायला नको?
व्याही, विहीणबाई आणि आजऱ्याची सगळी वडीलधारी मंडळी खुर्च्या गोल करून मंडपात बसून होती. मुलीच्या बापाने हाताला धरून जेवायला न्यायचं, तोवर उठायचं नाही, ही रीत. मला ती माहीत आहे. पण मी रांग सोडली नाही. पोचलो तेव्हा पातेली घासायला गेली होती. व्याही म्हणाले, असू द्या पावणं, आमास्नी भूकच न्हाय. सगळे उपाशी गाडीत बसले. अनुजा रडत होती. सासरी जाताना मुली रडतातच, असं मी बाजूच्यांना सांगितलं.
दोष बुफेचा आहे.

१६ मे
आज पाचपरतावण. लग्नानंतर मुलगी-जावई पहिल्यांदा घरी जेवायला. सौ. पहाटेपासून पोळ्या करत होती.
अनुजाच्या हातात डबा होता. सासूबाईंनी दिला म्हणाली. तिकडं पुरल का न्हाय कुणास ठावं, आपलं घिऊन जावा, असं भरल्या घरात सगळ्यांदेखत म्हणाल्या. जावयांनी डब्यातलंच खाल्लं, आईची आज्ञा म्हणे. सौ.च्या पोळ्या झाकलेल्याच राहिल्या. अनुजा मला म्हणाली, रोज कोन ना कोन काय तरी बोलतंय, पण मी मनावर घेत न्हाय, तुमी बी घिऊ नका पप्पा. पाच दिवसांत पोर उतरली आहे.
मला लाज वाटली. सबब शोधली. सापडली नाही.
अनुजाने मलाही डब्यातलं वाढलं. खाल्लं.