मनात घातलेली माळ

आये, काल घरात सुकट केलं, सगळ्यांना वाढलं आणि मी मात्र नागलीची भाकरी नि उडदाचं वरण घेऊन बसले. नवऱ्याने ताटाकडे बघून विचारलं, "माळ घातलीस की काय?" मला एकदम तू आठवलीस. तुला जाऊन सतरा वर्षं झाली, पत्र लिहायला मी उशीरच केला, पण हे सांगायचं आहे ते तुलाच.

गेल्या वर्षी माझी पाळी थांबली आणि अंगात आग उठायला लागली. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मानेपासून गरम लाट वर चढायची, पाठ भिजायची आणि मी पोरांवर खेकसायचे. घरी थंडीतही पंखा लावायचे, तेव्हा नवरा गोधडीत शिरून म्हणायचा, "आपल्या जव्हारला महाबळेश्वर म्हणतात ते तुझ्यामुळेच." त्याचं हसण्यावारी जायचं, माझं जात नव्हतं. एके दिवशी मी एका मुलीच्या वहीचं पान टराटरा फाडलं. तिची चूक काहीच नव्हती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला माझीच भीती वाटली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी नीट तपासलं. म्हणाल्या, "औषधं आहेत, लागली तर देऊ. आधी सांगा, खाता काय?" मी खरं ते सांगितलं. सकाळी चहा-पाव, डब्यात बटाटा, संध्याकाळी तळलेली मासळी नाहीतर कोंबडी. "मग काही महिने डाळी, कडधान्यं, तीळ, नागली, पालेभाज्या यांवर राहून बघा. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण काही जणींना आराम पडतो." त्या बोलत होत्या आणि मला तुझं ताट दिसत होतं.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मला नोकरी लागून वर्ष झालंय. शेतातली लावणी नुकती आटपलीय. मोखाड्याच्या बाजारातून तुझ्यासाठी मुद्दाम बोंबील घेऊन मी घरी येते. तू बाबाला आणि भावाला कालवण वाढतेस, आणि स्वतःच्या ताटात घेतेस भाकरी, उडीद, टाकळ्याची भाजी नि खुरासणीची चटणी. मी विचारते तर म्हणतेस, "मना हेच सोसतं, बाय." शेजारची काकी दारातून हसत सांगते, "तुझ्या आयनं माळ घातली." तुझ्या गळ्यात तर काहीच नाही. "मनात घातलीय," तू म्हणतेस आणि चुलीतलं लाकूड पुढे सारतेस.

मी तेव्हा नवी शिक्षिका, आहाराचा धडा तोंडपाठ असलेली. आणलेल्या बोंबलांना तू हातही लावला नाहीस याचा राग होताच. मी म्हणाले, "या तालुक्यात उपाशी माणसं मोजायला लोक गाड्या घेऊन येतात, आणि तू हातानं ताटातलं बाजूला सारतेस? हे देवाधर्माचं नाटक पुरे कर." उडदाचं नाव त्याच धड्यात, मासळीच्या शेजारीच होतं, ते मी सोयीने विसरले. खाली मान घालून जेवत राहिलीस.

यंदा दिवाळीला गावी गेले तेव्हा काकीला माझं दुखणं सांगितलं. ती आता फार थकली आहे, पण जीभ शाबूत आहे. "माळ कसली गं? तिच्या आंगात आग उठायची. मासळी-मटण सोडलं तशी जरा निवली. मंग आमाला बी सांगितलं तिनं. आमी चौघीजणी तसंच खायचो. आता बाईचं बंद झालं हे चारचौघांत कसं सांगायचं? माळ म्हटली का कोनी इचारत नाय."

मी आधी हसले आणि मग पदर तोंडाला लावून रडले. कुणी न शिकवता, आपल्याच अंगावर लक्ष ठेवून तू हे शोधलंस आणि एकटीपुरतं ठेवलं नाहीस. मला चार महिन्यांत बराच आराम पडलाय. आग पुरती गेली नाही, पण पोरांवर ओरडणं थांबलं. परवा शाळेत एका गुरुजींनीही तोच प्रश्न केला, "बाई, माळ घातली का?" मी म्हणाले, "नाही, पाळी बंद झालीय." गुरुजी लगबगीने हजेरीपटात शिरले. मधल्या सुट्टीत दोघी शिक्षिका डबे घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या. आये, तुझे उपकार आहेत माझ्यावर, हे तोंडावर सांगायला हवं होतं.

हे पत्र जाणार कुठे? कपाटात राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. बोंबील आणले त्या दिवशी जेवणानंतर तू ओट्यावर बसून सुपाने वारा घेत होतीस. बाहेर गार भुरभुर होती आणि तुझी चोळी पाठीवर चिंब भिजलेली मला दिसली होती. तुला काहीतरी होतंय हे मला कळलं होतं. विचारलं तर तू सांगशील, आणि मग मला थांबावं लागेल, याची भीती वाटली. "उद्या शाळा आहे," म्हणून मी शेवटच्या जीपने निघाले. तू अडवलं नाहीस, रस्त्यापर्यंत सोडायला आलीस. आठवड्याचा वार तुझा कधी चुकत नसे. दुसऱ्या दिवशी रविवार होता.