ऑफिसच्या संडासाची किल्ली

१७ एप्रिल
आज थंड पाण्याचं मशीन बसलं. मॅनेजर साहेबांनी नारळ फोडला, वर भाषण. म्हणे, "पाणी कमी पिता म्हणून दुपारनंतर काम मंदावतं. आता कारणं नकोत." शिलाई हॉलचे पत्रे असे तापतात की गोण्यांच्या प्लास्टिकचा वास डोक्यात चढतो. बायांनी चुळा भरल्या, पदर ओला केला, परत शिवायला बसल्या. एक घोट कोणी प्यायलं असेल तर शपथ.

१९ एप्रिल
विमलअक्काला विचारलं. माझी मोठी नणंद, मीच तिला इथे लावलं, म्हणून माझ्याशी खरं बोलते. "पानी पी लिसू, मंग जासू कथा?"
बरोबरच आहे, प्यायल्यावर जायचं कुठे? बायांचा संडास ट्रकच्या अड्ड्यामागे, दाराला कडी नाही, समोर ड्रायव्हर पत्ते कुटत बसलेले. सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळी घरीच. सुपरवायझर झाल्यापासून मी ऑफिसचा वापरते, तर विसरलेच होते. छान!

२२ एप्रिल
साहेबांना म्हटलं, हॉलजवळ एक बांधा.
"मग दिवसभर तिथेच बसतील."
डोकं सणकलं. ऑफिसच्या संडासाची किल्ली माझ्याकडे असते. दिली अक्काकडे. एकेकीने जा, बोभाटा नको.

२९ एप्रिल
बाया पाणी पितात! दुपारी हॉलमध्ये हसणं ऐकू आलं, कितीतरी महिन्यांनी. गोण्यांचे गठ्ठे वेळेआधी तयार. साहेब खूश. मशीनचा फोटो काढून मालकांना पाठवला. पाठवा बाबा, पाठवा.

६ मे
अकाउंटवाल्याने चुगली केली. किल्ली गेली. "स्टाफची सोय स्टाफसाठी." सगळ्यांदेखत झापलं मला. बाया खाली मान घालून शिवत होत्या.

१४ मे
काम परत बसलं. साहेब म्हणतात, मशीन देऊन ही गत, म्हणजे कामचोरच. सोमवारी एक नाव द्या, एकीला काढलं की बाकीच्या सरळ होतील. नाव नाही दिलं तर माझंच. घर माझ्या पगारावर चालतं, हे त्यांना पक्कं माहीत.
कोणाचं देऊ? सगळ्या सारख्याच...

१८ मे, रवि.
अक्काला धुळ्याला दवाखान्यात नेलं. दोन दिवस ताप, लघवीला आग. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या, दाबून धरू नका. अक्का हो हो करत राहिली.
परतताना एस.टी.त, नरडाणा जवळ आल्यावर, म्हणाली, "मन्हं नाव सांगी दे. बाकी बठ्ठ्यास्ना पोरे धाकला शेतस." बाकीच्या सगळ्यांची पोरं लहान, म्हणून हिचं नाव!
ताबडतोब नको म्हणायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. तिने माझ्या हातावर हात ठेवला, जसं काही ठरलंच.
लाज वाटते. आणि ती म्हणाली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, त्याची जास्त. सकाळी साहेब आल्या आल्या विचारतील.