पडद्यावरची सोनेरी झाक

बाळीवेस, सोलापूर
१८ जानेवारी १९७८

प्रिय साऊ,

पत्र घरी न येता तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून तुझ्या मोठ्या बाईंनी भुवया उंचावल्या असतील. उंचावू देत. मधल्या सुट्टीत एकटी बसून वाच आणि वाचून झालं की पर्समध्येच ठेव. मामा दुकानातून घरी आल्यावर त्याच्या हाती लागू देऊ नकोस. का, ते सांगते. मला आडवळणानं बोलता येत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि आज मी नेमकी तीच वळणं घेत बसले आहे. सकाळपासून दोन कागद फाडून झाले.

तुझं पत्र संक्रांतीच्या आधी मिळालं. पोटातलं बाळाभोवतीचं पाणी तपासायला काढताना ती लांब सुई बघून तू डॉक्टरांना कानडीत शिव्या दिल्यास, हे वाचून मी माझ्या डोळ्यांच्या दवाखान्यात एकटीच हसले. बरं झालं, मुंबईच्या डॉक्टरांना कानडी येत नाही. मुलगी आहे म्हणून मामानं अख्ख्या चाळीत पेढे वाटले, तेव्हा शेजारच्या म्हातारीनं तोंडात बोट घातलं म्हणे. घालणारच. मुलगी आहे असं कळल्यावर नाचणारं तुमचंच एक घर असेल. तिला बिचारीला काय माहीत, तुम्हाला मुलगी का हवी होती ते.

ईरप्पाला मी तुझी बातमी वाचून दाखवली. तुझा भाऊ हल्ली दिवसभर ओट्यावर बसतो, मांडीवर रेडिओ. उजेड-अंधार एवढंच आता त्याला कळतं. बातमी ऐकून त्यानं रेडिओ बंद केला आणि म्हणाला, "पोरगी हाय न्हवं? मग तिचे डोळे ऱ्हातील की?" मी हो म्हटलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं. तुला आठवतं, तो शाळेत असताना दिवेलागणीला धडपडायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी माशाच्या लिव्हरचं तेल लिहून दिलं होतं? तुमच्या घरात मासा हा शब्दसुद्धा कुणी काढत नसे. तुझी आई, शांतम्मा, त्याला न्हाणीमागं उभा करून, नाक दाबून चमचा पाजायची आणि मग चमचा राखेनं तीनतीनदा घासायची. गुण आला नाही, तेव्हा सगळे म्हणाले, मनापासून घेतलं नाही म्हणून. किती वर्षं ती माउली त्या चमच्याला दोष देत राहिली. तेलानं बरं होणारं ते दुखणं नव्हतंच.

दिवाळीत तू माहेरी आलीस, नुकतीच दिवस गेलेली, तेव्हा मी हट्टानं तुझे डोळे तपासले. तुला सगळं स्वच्छ दिसत होतं, सुईत दोरा तू माझ्याआधी ओवायचीस. तरी डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उजेड टाकला आणि मी थबकले. चिंचेनं घासलेल्या पितळी ताटावर ऊन पडावं तशी सोनेरी झाक होती तिथं. पुस्तकात वाचली होती, डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. इतकी सुंदर खूण आणि इतकी वाईट. ईरप्पाचं दुखणं तुझ्यात झाकून बसलं आहे, याची ती खूण. तुला तेव्हा मी धाग्यांचं उदाहरण देऊन समजावलं होतं. मुलीला आईकडून एक धागा मिळतो, बापाकडून एक. आईकडचा कुजका निघाला तरी बापाकडचा चांगला धागा सांभाळून घेतो, म्हणून तुला दिसतं. मुलाला मात्र त्या जागी आईकडचाच एकुलता धागा. तो कुजका आला की ईरप्पा. म्हणून तर पोटातल्या पाण्याची तपासणी. ती तपासणी डोळ्यांबद्दल काही सांगत नाही, फक्त मुलगा की मुलगी ते सांगते. मुलगी म्हणजे सुटलो, असं मीच तुला सांगितलं होतं.

त्या डॉक्टरांनी तुला भावाचं विचारलं, आईचं विचारलं आणि नवऱ्याचं काही विचारलं नाही, असं तू लिहितेस. त्यांना कशाला सुचेल? नवरा म्हणजे परक्या घरातला, परक्या रक्ताचा माणूस, असं तिकडे धरूनच चालतात. आपल्या गल्लीत मामाशी लग्न होणं म्हणजे भाकरीबरोबर शेंगाचटणी असणं. ती सांगायची गोष्ट आहे असं तुलाही वाटलं नाही.

चनूमामा चांगला माणूस आहे, साऊ. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ईरप्पाचे डोळे गेले, तेव्हा या घरातली मुलगी करायला कुणी उंबऱ्यात पाय ठेवेना, आणि शांतम्माचा हा पाठचा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "मी करतो की, घरचीच पोर हाय." मी त्या दिवशी रडले होते. आपण दोघी त्याला किती छळायचो! मामा कोंबड्यांबरोबर झोपतो म्हणून चिडवायचो. अंधार पडला की कंदिलाजवळची जागा धरून बसायचा, लग्नाच्या वरातीला कधी यायचा नाही, पोट दुखतंय म्हणायचा. मुंबईत रस्तोरस्ती दिवे, शिवाय दुकानातल्या चादरींच्या गठ्ठ्यांतून तो बाहेर पडतो कधी? पण या वेळी तू गंमत म्हणून लिहिलं आहेस की मामा हल्ली भर दिवसा दाराच्या चौकटीला आपटतो, परवा शेजारच्यांनी खाली ठेवलेल्या बादलीत पाय घातला, म्हातारपण लवकर आलं. ती ओळ मी पुन्हापुन्हा वाचली. मला हसू आलं नाही.

चादरींचा माल न्यायला तो गड्ड्याच्या जत्रेत इथं आला होता, हे तुला माहीत आहे. होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला आम्ही सगळे गेलो. आभाळ लाल-हिरवं होत होतं, तोवर मामा लहान मुलासारखा खूश. शेवटचा बाण विझला आणि लोक उठले. मी वळून बघते तर मामा जागचा हलला नव्हता. माणसं त्याच्या अंगावरून जात होती आणि तो हात पुढं करून हवेत काहीतरी शोधत होता. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. "मामा" म्हटलं, तर तो माझ्या उलट्या बाजूला बघून हसला. मग माझा खांदा सापडला, तो त्यानं घर येईपर्यंत सोडला नाही. ईरप्पा पूर्वी अगदी असाच धरायचा.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दवाखान्यात बसवलं आणि बाहुली मोठी करायचे थेंब घातले. साऊ, ईरप्पाच्या पडद्यावर जे काळे डाग आहेत, तेच मामाच्या पडद्यावर कडेनं पसरले आहेत. मधलं तेवढं उरलंय, म्हणून तो दुकानात नोटा ओळखतो आणि पायाशी असलेली बादली त्याला दिसत नाही. लहानपणापासून त्याला हे माहीत होतं. "अव्वाला ठाव हुतं," म्हणाला, म्हणजे त्याच्या आईला, तुझ्या आजीलाही. आणि मग हात जोडले, "शरू, सावित्रीला सांगू नगं. पोरगी हाय म्हनलाय डाक्टर. पोरीला काय हुत न्हाय, तूच बोललीस की." मी त्याला उत्तर दिलं नाही. ते तुला देते आहे. तुझ्या मुलीला सांभाळून घेणारा बापाकडचा धागाच कुजका आहे. त्याच्याकडे दुसरा नाहीच, म्हणून तो तर तिला मिळालाच आहे. आता तुझ्याकडचाही तसाच मिळाला असेल तर ती ईरप्पा होईल, आणि ती शक्यता निम्मी आहे. हे सांगू शकेल अशी तपासणी मुंबईत नाही, कुठेच नाही. काय करायचं ते मी सांगणार नाही, तू ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूला उभी राहीन. पण गर्भपाताला कायद्यानं दिलेली मुदत आता थोडीच उरली आहे, आणि तुला न कळता ती संपली तर मला तुला तोंड दाखवता येणार नाही. रविवारी मी येतेच आहे. तोवर माझ्यावर विश्वास बसत नसेल तर एक कर. आज जेवणं झाल्यावर खोलीतला दिवा घालव, खिडकीतून चाळीचा जेवढा उजेड येतो तेवढाच राहू दे. तुला त्यात सगळं दिसेल. पाण्याचा पेला त्याच्या समोर धर आणि म्हण, मामा, घ्या. मग त्याचे हात बघ. आणि साऊ, रागावू नकोस त्याच्यावर, पेला त्याच्या हातात दे.

तुझ्याबरोबर रडायला निघालेली,
तुझीच शरू